प्लग, पाना आणि चाकणचा रस्ता

बाहेरगावचा पाहुणा पिंपरी-चिंचवडला आला की पहिला प्रश्न विचारतो, "इथे बघण्यासारखं काय आहे?" आम्ही त्याला निगडीचा भक्ती-शक्तीचा चौक दाखवतो, चिंचवडचं सायन्स पार्क दाखवतो आणि मग पुण्याला शनिवारवाडा बघायला घेऊन जातो. पण या शहराची खरी ओळख करून घ्यायची असेल तर जुन्या पुणे-मुंबई रस्त्याने सावकाश जावं आणि कारखान्यांच्या पाट्या वाचाव्यात. दापोडीला सँडविक, कासारवाडीला फोर्ब्स मार्शल, पिंपरीत 1954 साली सुरू झालेली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, चिंचवडला बेअरिंग बनवणारी एसकेएफ, आकुर्डीला बजाज आणि फोर्स मोटर्स. फोर्स मोटर्सचं जुनं नाव बजाज टेम्पो. त्यांच्या तीनचाकी गाडीचं नाव आपल्या भाषेत असं मिसळून गेलं की आज कुठल्याही कंपनीच्या मालवाहू गाडीला आपण टेम्पोच म्हणतो. टेल्कोचं नाव बदलून टाटा मोटर्स झालं त्याला वीस वर्षं होऊन गेली, तरी रिक्षावाल्याला आम्ही अजून "टेल्को रोडने घ्या" असंच सांगतो.

1962 मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली आणि त्यानंतर इथल्या माळरानावर प्लॉट पडत गेले. कोकणातून, मराठवाड्यातून, सोलापूरकडून माणसं आली. त्यात आमचेही वडीलधारे होते. 1982 मध्ये महानगरपालिका झाली तेव्हा मी पाळण्यात होते. म्हणजे हे शहर आणि मी साधारण एकाच वयाचे.

गाड्या बनवणाऱ्या या शहरात राहून आपल्या स्वतःच्या गाडीशी आपलं नातं काय राहिलं आहे, याबद्दल मला थोडं सांगायचं आहे. निमित्त अगदी लहान आहे: बोटभर लांबीचे चार स्पार्क प्लग.

चेतकच्या डिकीतला पाना

चाळिशीच्या पुढच्या वाचकांना बजाज चेतक नक्की आठवत असेल. 1972 मध्ये आलेली ही स्कूटर आकुर्डीत बनायची आणि तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचे. आमच्या अब्बांकडे होती. स्कूटर टू-स्ट्रोक. पेट्रोलबरोबर ऑइलही जळायचं, त्यामुळे प्लगवर काजळी धरायची आणि गाडी चालू व्हायचं नाव घ्यायची नाही. मग तो सगळ्या महाराष्ट्राच्या ओळखीचा सोपस्कार: स्कूटर एका बाजूला कलती करायची, किक मारायची, तरीही नाही झालं तर बाजूचं झाकण काढून प्लग बाहेर. डिकीत प्लगचा पाना, पॉलिश पेपरचा तुकडा आणि एक जुना पण चालणारा जादा प्लग कायम असायचा. प्लगला तेव्हा बरेच जण 'मायकोचा प्लग' म्हणत. मायको म्हणजे 1951 मध्ये स्थापन झालेली बॉशची भारतातली कंपनी.

अब्बा मेकॅनिक नव्हते. आमच्या चाळीतले क्लार्क, शिक्षक, दुकानदार, मौलवीसाहेब, सगळेच हे काम करायचे. अम्मीलासुद्धा ठाऊक होतं की प्लग काळा पडला आहे की ओला झाला आहे. ते ज्ञान चूल पेटवण्याइतकंच घरगुती होतं.

पुढे घरोघरी चारचाकी आली. बोनेट उघडलं की वरती काळं प्लास्टिकचं झाकण आणि त्यावर कंपनीचं नाव. आत काय आहे हे बघायची सवयच गेली. प्लग बिचारा तिथेच होता, फक्त दिसेनासा झाला.

प्लग काय करतो

मी भाषेची शिक्षिका, विज्ञानाची नाही. तरी मला समजलं ते माझ्या विद्यार्थ्यांना सांगते तसं सांगते. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण पिस्टन दाबतो आणि नेमक्या क्षणी त्यात ठिणगी पडावी लागते. बॅटरी असते 12 व्होल्टची. कॉइल तो दाब वाढवून हजारो व्होल्टपर्यंत नेते. प्लगच्या टोकाला मिलिमीटरभराची फट असते, ती ओलांडून वीज उडी मारते आणि मिश्रण पेटतं. 1902 मध्ये बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअरने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा स्पार्क प्लग तयार केला. मूळ कल्पना आजही तीच आहे.

आता थोडं गणित. फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा ठिणगी लागते. इंजिन मिनिटाला 2000 फेऱ्या घेत असेल तर एका प्लगच्या वाट्याला मिनिटाला 1000 ठिणग्या येतात, तासाला 60,000. गाडी सरासरी ताशी 40 किलोमीटरने चालली तर 40,000 किलोमीटर व्हायला 1000 तास लागतात. म्हणजे सहा कोटी ठिणग्या. एवढ्या ठिणग्यांनी टोकाचा धातू थोडाथोडा झिजतो, फट वाढत जाते, आणि एक दिवस ठिणगी चुकू लागते. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला "गाडी मिसिंग मारते" म्हणतात.

या बाबतीत आपल्या परिसराने जगाला दाखवण्यासारखं काम केलं आहे. 2001 मध्ये बजाजची पल्सर आली आणि 2003 मध्ये तिच्यात डीटीएस-आय हे तंत्र आलं. एकाच सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन प्लग. दोन्ही बाजूंनी आग लागल्यामुळे पेट्रोल कमी असलेलं पातळ मिश्रणही लवकर आणि नीट जळतं, अ‍ॅव्हरेज चांगला मिळतो. 2012 मध्ये आलेल्या 200 एनएसला तर तीन प्लग दिले. या दोन प्लगच्या रचनेवरून बजाज आणि टीव्हीएस यांच्यात पेटंटचा दावा सुरू झाला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एका प्लगऐवजी दोन, एवढ्या गोष्टीवर मोठमोठे वकील उभे राहिले. आणि आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पन्नास गाड्या उभ्या असून एकाही मालकाला आपल्या गाडीचे प्लग नेमके कुठे आहेत हे सांगता येत नव्हतं. त्यातले कितीतरी जण याच कंपन्यांमधून निवृत्त झालेले.

एस्टिमेट

आमची गाडी दहा वर्षांची, पेट्रोलवर चालणारी, चार सिलिंडरची. सकाळी चालू केली की थरथरायची, चढावर पिकअप घेईना. सर्व्हिस सेंटरने हातात एस्टिमेट ठेवलं: प्लग, मजुरी, इंजिनची आतली सफाई, अजून एकदोन इंग्रजी नावांची कामं, आणि कर. एकूण 3,900 रुपये. त्यांनी फसवलं असं मी म्हणणार नाही. त्या एसी हॉलचं भाडं, कॉफीचं मशीन, गणवेशातली मुलं, सगळ्याचा खर्च कुठून तरी निघायलाच हवा. पण लेक त्या वर्षी दहावीत होती, क्लासची फी भरायची होती, आणि महिन्याच्या हिशोबात 3,900 ही रक्कम लहान नव्हती. शिवाय मी त्या साहेबांना विचारलं, "जुने प्लग कसे दिसतात, मला दाखवाल?" ते म्हणाले, "मॅडम, कस्टमरला आत अलाऊड नाही."

मला ती गोष्ट पैशापेक्षा जास्त लागली. गाडी माझी, प्लग माझे, आणि बघायला मनाई.

माझा एक जुना विद्यार्थी मोशीजवळ गाड्यांचं काम करतो. वर्गात उर्दू इमल्यात त्याच्या चुका असायच्या, पण शाळेचा पंखा बंद पडला की सगळे त्यालाच बोलवायचे. त्याला फोन केला. म्हणाला, "टीचर, गाडी ठेवून जा, मी करून ठेवतो." मी म्हटलं, "नाही, मला शिकव. मी करते, तू बघ." पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग म्हणाला, "गुरुवारी या. मुलीलाही आणा."

भोसरी, गुरुवार

दिवाळीच्या सुट्टीतला गुरुवार. परगावच्या वाचकांना सांगायला हवं की आमच्या औद्योगिक पट्ट्यात आठवड्याची सुट्टी रविवारी नसते, बहुतेक कारखान्यांना ती गुरुवारी असते. त्यामुळे कासारवाडीच्या नाशिक फाट्याचा दुमजली पूल चढून भोसरीकडे वळलं की एरवीचा कल्ला त्या दिवशी नसतो. लेथ मशीनचा घरघराट थांबलेला, शेडची शटर खाली, पुढे कापलेल्या लोखंडाच्या कुरळ्या चुऱ्याची पोती रचलेली. एरवी इथल्या गल्ल्यांमध्ये कूलंट ऑइलचा वास भरलेला असतो. एका शेडमध्ये एखाद्या गाडीच्या ब्रेकचा एक तुकडा बनतो, दुसऱ्या शेडमध्ये त्याला भोक पडतं, तिसऱ्यात मुलामा चढतो, आणि मग तो टेम्पोत बसून मोठ्या कंपनीच्या दारात जातो. मोठ्या कंपन्यांची नावं पाटीवर असतात, पण गाडीचा बराचसा भाग असा या गल्ल्यांमधून येतो.

स्पेअर पार्टची दुकानं मात्र उघडी होती. विद्यार्थ्याने आधीच सांगून ठेवलं होतं: गाडीचं मॅन्युअल सोबत न्या, त्यात लिहिलेला प्लगचा नंबर दाखवा, दुकानदार "हाही चालतो" म्हणाला तरी घेऊ नका. प्लगची लांबी, आटे आणि उष्णता सहन करायची क्षमता हे सगळं त्या नंबरात असतं. लांब प्लग बसवला तर पिस्टनला लागू शकतो. जास्त 'गरम' जातीचा बसवला तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकतं, जास्त 'थंड' बसवला तर काजळी धरते. बाजारात नकली मालही असतो, म्हणून पक्कं बिल घ्यायचं.

दुकानदार चाचांनी नंबर वाचला, चश्म्याच्या वरून आम्हा मायलेकींकडे बघितलं आणि विचारलं, "मिस्त्री कौन है?" लेक म्हणाली, "हम." चाचा हसले नाहीत. त्यांनी प्लगचे डबे उघडून प्रत्येकाची चिनी माती तडकलेली नाही ना, टोक वाकलेलं नाही ना, हे आम्हाला दाखवलं आणि म्हणाले, "गिरा हुआ प्लग कभी मत लगाना, बेटी." 180 रुपयांचा एक, चार प्लगचे 720. लांब दांड्याचं प्लग सॉकेट 450, फट मोजायचं फिलर गेज 130. झाले 1,300. सॉकेट आणि गेज पुढची वीस वर्षं पुरतील.

मोशीची शेड

माझ्या विद्यार्थ्याची शेड आधी कुदळवाडीत होती. चिखलीजवळच्या या भागात वर्षानुवर्षं भंगाराची गोदामं, छोटी वर्कशॉप, जुने पार्ट सोडवणारे कारागीर होते. फेब्रुवारी 2025 मध्ये तिथे अनधिकृत बांधकामांवर मोठी कारवाई झाली आणि थोड्याच दिवसांत मैलभर पसरलेली पत्र्याची वस्ती सपाट झाली. कायदा, हरित पट्टा, आगीचा धोका, प्रदूषण हे प्रश्न खरे आहेत आणि त्यावर लिहायला वेगळा लेख लागेल. मी फक्त एवढं बघितलं की माझ्या विद्यार्थ्याचं शेड गेलं, पण त्याचा पान्यांचा डबा आणि गिऱ्हाईक त्याच्याबरोबर मोशीला आलं. आता भाड्याच्या दहा बाय पंधराच्या जागेत काम चालतं. दाराशी दोन शागिर्द. ते त्याला उस्ताद म्हणतात. तो मला टीचर म्हणतो, आणि त्या दिवशी शिकवत मात्र तो होता.

पहिली गोष्ट त्याने बोनेटला हात लावायला दिला नाही. "आधी इंजिन थंड होऊ द्या." आम्ही पाऊण तास चहा पीत बसलो. कारण असं की इंजिनचं वरचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. गरम असताना प्लग ओढून काढला तर हेडमधले आटे निघून येऊ शकतात. प्लग 180 रुपयांचा, पण आटे गेले तर हेड उतरवावं लागतं आणि खर्च हजारोंत जातो. घरी प्लग बदलण्यातला खरा धोका एवढाच, आणि तो घाईतून येतो.

मग इग्निशन बंद, किल्ली खिशात, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी. वरचं प्लास्टिकचं झाकण काढलं. खाली ओळीने चार कॉइल. प्रत्येकीचा प्लास्टिकचा चिमटा दाबून वायर सोडवायची, एक बोल्ट काढायचा आणि कॉइल किंचित फिरवत सरळ वर ओढायची. त्याने कॉइलवर खडूने 1, 2, 3, 4 लिहायला लावलं. कॉइलखालच्या विहिरीत धूळ आणि वाळू साचलेली असते. ती प्लग काढण्याआधी हवा मारून उडवायची, नाहीतर प्लग निघताच ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. शेडमध्ये एअर होती. घरी सायकलचा पंपही चालतो.

एका वेळी एकच प्लग काढायचा. सॉकेट सरळ उभं बसवायचं, तिरपं झालं तर चिनी माती तडकते. पहिला प्लग लेकीने सोडवला. थोडा जोर, एक बारीक 'टक' असा आवाज, आणि मग तो सहज फिरू लागला.

चार प्लग कागदावर ओळीने ठेवले. उस्तादाने विचारलं, "टीचर, वाचा." हकीम नाडी बघतो किंवा जीभ बघतो, तसं मेकॅनिक प्लग बघतो. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर इंजिनची तब्येत ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर तुंबला आहे. तेलकट ओलं काळं असेल तर ऑइल वर येतंय, तिथे प्लग बदलून काम भागणार नाही. पांढरं फटक आणि फोड आल्यासारखं असेल तर इंजिन जास्त तापतंय. आमचे चारही फिकट तपकिरी निघाले, फक्त टोकं झिजून गोल झालेली आणि फट मोजली तर मॅन्युअलमधल्या मापाहून बरीच जास्त. म्हणजे इंजिन निरोगी होतं, प्लगचं वय झालं होतं. आतल्या सफाईची गरज नव्हती, हे मला माझ्या डोळ्यांनी दिसलं. 3,900 च्या एस्टिमेटमधली निम्मी कामं का नको, हे मला आता स्वतःला सांगता येत होतं.

नव्या प्लगची फट गेजने तपासली. साध्या निकेलच्या प्लगची फट थोडी कमीजास्त करता येते. इरिडियमच्या प्लगचं टोक सुईसारखं बारीक असतं, त्याला हात लावायचा नाही. तो महाग असतो, पण साधा प्लग तीस-चाळीस हजार किलोमीटर चालला तर तो लाखाच्या आसपास जातो. मॅन्युअलमध्ये जो सांगितला असेल तोच घ्यावा. सीएनजीच्या गाडीत ठिणगीला जास्त दाब लागतो, तिथे प्लग लवकर तपासावेत. आणि डिझेलच्या गाडीत स्पार्क प्लग नसतोच, दाबाच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं.

बसवताना प्लग हातानेच फिरवायचा, पाना लावायचा नाही. रबरी नळीचा तुकडा प्लगच्या मागे लावून तिने फिरवला तर अजून चांगलं, कारण आटा वाकडा लागला तर नळी आपोआप घसरते आणि नुकसान होत नाही. हाताने पूर्ण बसला की मगच सॉकेट. नवा प्लग वॉशरचा असेल तर साधारण अर्धा फेरा, फार तर थोडा जास्त. नेमकं माप डब्यावर आणि मॅन्युअलमध्ये असतं. "ताकद नको," उस्ताद म्हणाला. "इथे ताकदवाला हरतो."

तासाभरात काम झालं. किल्ली फिरवली. थरथर गेली होती. त्याने मजुरी घेतली नाही. मी आग्रह केला तेव्हा म्हणाला, "तुम्ही अलिफ-बे शिकवलंत तेव्हा मी पैसे दिले होते का?" मी त्याच्या शागिर्दांसाठी मिठाई ठेवून निघाले.

चाकण

मोशी सोडली की इंद्रायणीचा पूल लागतो. नाशिक रस्त्याने चिंबळी फाटा, कुरुळी, आळंदी फाटा, आणि मग कंटेनरांच्या रांगेत चाकण. धाकटी बहीण तिथे राहते, आणि गाडी रस्त्यावर चालवून बघायचीच होती. चढाला गाडीने पिकअप घेतला तेव्हा लेकीने माझ्याकडे बघितलं, बोलली काही नाही.

चाकणच्या मध्यावर संग्रामदुर्ग आहे, भुईकोट. 1660 मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर शिबंदीनिशी तो शाहिस्तेखानाच्या फौजेविरुद्ध जवळपास दोन महिने लढवला. शेवटी सुरुंग लावून बुरूज उडवला तेव्हा कुठे किल्ला पडला. आज आजूबाजूला घरं आणि दुकानं दाटली आहेत. चाकणचा कांदा-बटाट्याचा बाजार तेवढाच प्रसिद्ध. आणि 2009 मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे कारखाने इथे उभे राहिले, मागोमाग महिंद्राचा. बजाज त्याआधीच आलेली होती. कांद्याची ट्रॅक्टर-ट्रॉली आणि नव्या कोऱ्या मोटारी घेऊन जाणारा लांबलचक ट्रेलर तळेगाव चौकात एकमेकांना अडवून उभे असतात. हे चित्र चाकणखेरीज फार ठिकाणी दिसणार नाही.

बहिणीचा मुलगा, माझा भाचा, वीस वर्षांचा. इथल्याच एका गाडीच्या कारखान्यात ट्रेनी आहे, गुरुवारी सुट्टी असते म्हणून घरी होता. आयटीआय अर्धवट सोडून लागला, कारण पगार हातात येत होता. जुने प्लग दाखवले तर हातात घेऊन फिरवत राहिला. "खाला, हे मी पहिल्यांदा बघतोय." मला वाटलं थट्टा करतोय. नव्हता. त्याचं काम डॅशबोर्डच्या मागे वायरिंगचा एक जोड बसवणं. दीड-दोन मिनिटांत एक गाडी पुढे सरकते, दुसरी येते. दिवसभरात शेकडो वेळा तोच एक जोड. दीड वर्षात त्याच्या हातून किती हजार गाड्या गेल्या असतील, पण पूर्ण इंजिन त्याने उघडून बघितलेलं नाही. त्याच्या कराराचे सहा महिने उरले होते. नंतर काय, हे त्याला माहीत नव्हतं. बहीण स्वयंपाकघरातून ऐकत होती. "आपा, दुसरीकडे लागेल ना कुठे?" ती म्हणाली. तिच्या आवाजात काळजी होती.

दुसरीकडे लागेलही. पण तिथेही असाच एखादा जोड मिळेल, आणि त्याचाही करार संपेल. कंपनीने त्याला एक कृती शिकवली होती, हुनर दिलं नव्हतं. मोशीच्या शेडमधल्या पोराची शेड गेली, त्याचं हुनर त्याच्यापाशी राहिलं. भाच्याचं ओळखपत्र गेलं तर मागे काय राहील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

भाच्याने रास्त प्रश्न केला, "पण खाला, आता सगळं इलेक्ट्रिक होणार. त्यात प्लग कुठे असतो?" खरं आहे. ज्या चेतकच्या प्लगवर आमचं बालपण गेलं, तीच चेतक 2020 पासून विजेवर चालते, आणि तीही आकुर्डीचीच. तिला प्लग नाही, किक नाही, कलती करायची गरज नाही. संध्याकाळी मी तोच प्रश्न विद्यार्थ्याला फोनवर विचारला. तो म्हणाला, "टीचर, ब्रेक राहणार, बेअरिंग राहणार, सस्पेंशन राहणार, वायरिंग तर वाढणार. आणि तुमच्या भाच्याला वायरिंगची सवय आहेच. त्याला पाठवा. प्लग तर शिकायला सुरुवात करायची सोपी जागा आहे."

भाचा तेव्हापासून गुरुवारी मोशीला जातो. पहिले दोन गुरुवार त्याला फक्त पाने पुसायला आणि नंबर ओळखायला दिले. तिसऱ्या वेळी त्याने प्लग वाचले. आता सोडलेली आयटीआय पुन्हा करावी का, असं तो स्वतःहून विचारू लागला आहे. पिंपरीत मोरवाडीला महापालिकेचीच आयटीआय आहे, तिथे प्रवेशाची चौकशी आम्ही केली आहे. त्याचं पुढे काय होईल हे मी आज सांगू शकत नाही.

वाचक बहिणींना आणि भावांना एवढंच सुचवते: गाडी वॉरंटीत असेल तर तिला हात लावू नका, सर्व्हिस सेंटरलाच न्या. प्लग सहज फिरत नसेल तर जोर करू नका, जाणकाराला बोलवा. काही गाड्यांत प्लगपर्यंत पोहोचायला वरचा बराच पसारा काढावा लागतो, त्याही सोडून द्या. पण बाकी साध्या पेट्रोल गाडीचं बोनेट एका सुट्टीच्या दिवशी मुलांना सोबत घेऊन उघडा, जवळच्या मिस्त्रीला शेजारी उभं करा, त्याला त्याची मजुरी द्या, आणि त्याच्याकडून शिका. मुलींनाही बोलवा. पैसे वाचतील ते वाचतीलच. शिवाय ज्या माणसाला आपण "गॅरेजवाला" म्हणून दारात उभं करतो, त्याच्या कामाला किती अक्कल लागते हे मुलांना कळेल.

आमच्या मॅन्युअलच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लेकीने तारीख आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवला आहे, आणि खाली तिची सही. पुढचे प्लग तीच बदलणार आहे.